मांजर, वेष्टन वगळून

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांच्या घरी मांजर आणायचं ठरलं, तेव्हा त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटलं नाही. लेकीला मांजर हवं होतं, एवढंच. इमारतीच्या जिन्यात एक करडी मांजरी रोज कामधंदा नसल्यासारखी बसून असायची. तिला उचलून वर आणलं असतं, पुढे दुधाची बशी ठेवली असती, तर सगळा प्रकार तिथेच आटोपला असता. इमारतीची शांतता आणि निरीक्षकांची अब्रू, दोन्ही शाबूत राहिल्या असत्या.

पण निरीक्षकांच्या घरात कुठलीच गोष्ट नुसती उचलून आणायची पद्धत नव्हती. साधी कढई घ्यायची तरी ते बुडाची जाडी मोजत, कान ओढून बघत, आणि दुकानदाराला पुरेसा घाम फुटला की "विचार करतो" म्हणून बाहेर पडत. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. घरात नवे पडदे लावून "जुनेच आहेत" असं न चाचरता सांगायला ती लग्नानंतर थोड्याच दिवसांत शिकली होती. इमारतीतले लोक निरीक्षकांना पाठीमागे 'काटेकोर' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांना ती पदवी वाटत होती.

पदवी काही फुकट मिळालेली नव्हती. त्या भागातल्या बाजारात असा तराजू नव्हता ज्याच्याखाली वाकून निरीक्षकांनी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा काटा त्यांनी एकदा भर गिऱ्हाइकांत पकडला, तेव्हा तो बिचारा हात जोडून म्हणाला होता, "साहेब, काट्यात खोट असेल हो, माझ्या मनात काही नाही." त्यावर निरीक्षक म्हणाले होते, "काट्यात खोट नसते. असलीच तर काटा वापरणाऱ्यात असते." गिऱ्हाइकं हसली. किराणावाल्यानं ते वाक्य मनात जपून ठेवलं.

निरीक्षकांचा स्वतःचाही एक काटा होता. त्यांचे जुने मोठे साहेब निवृत्त होताना त्यांना देऊन गेले होते. लोखंडी बैठक, वर गोल तबकडी, आणि आत एक लाल सुई. दर रविवारी सकाळी, चहाच्याही आधी, निरीक्षक त्यावर प्रमाणित वजनं ठेवून तो तपासत आणि समाधानानं जाहीर करत, "ग्रॅमाचा फरक नाही." घरातून कुणीतरी "हो का" म्हणे. मग चहा होई.

अशा माणसानं मांजर निवडायला बसायचं म्हणजे काय, हे त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कळलं. निरीक्षकांनी मांजरांच्या जातींचं एक जाडजूड सचित्र पुस्तक आणलं होतं. सल्ला द्यायला मेहुणे आले होते. मेहुणे विमा विकत, त्यामुळे त्यांना जगातल्या प्रत्येक विषयातलं थोडंथोडं माहीत होतं. शिवाय त्यांनी कोणे एके काळी एका मित्राचं मांजर आठवडाभर सांभाळलं होतं.

"भाऊजी, घ्यायचं तर लांब केसांचंच घ्या," मेहुणे म्हणाले. "आखूड केसांचं मांजर काय, कुणाकडेही असतं."

"बाबा, ती जिन्यातली..." लेक म्हणाली.

"जिन्यातली कुठल्या जातीची आहे, सांग बघू?"

"मांजराच्या."

हे उत्तर निरीक्षकांनी ग्राह्य धरलं नाही. पर्शियन मांजराचं पान निघालं. त्याचं नाक इतकं चपटं होतं की ते आहे की नाही याबद्दलच वाद झाला, आणि ज्या मालाच्या असण्याबद्दल वाद आहे तो घ्यायचा नाही, असं निरीक्षकांचं धोरण होतं. मग रॅगडॉल निघालं. हे मांजर उचललं की अंग सैल सोडून हातात लोंबतं, असं मेहुण्यांनी वाचून दाखवलं.

"असं एक आहे आपल्याकडे," बायको म्हणाली. "रविवारी दुपारी सोफ्यावर असतं."

निरीक्षकांनी पान उलटलं आणि ते थांबले. समोर मेन कून होतं. गळ्याभोवती आयाळ, कानांच्या टोकांना झुपके, पाठीवर टाकलेल्या शालीसारखी शेपूट, आणि चेहऱ्यावर समोरच्याचे कागद अपुरे आहेत हे ओळखलेल्या माणसाचा भाव.  मांजर हुबेहूब त्यांच्या जुन्या मोठ्या साहेबांसारखं दिसत होतं.

"हेच," ते म्हणाले.

"अहो, पण हे केवढं आहे!" बायको म्हणाली. "तुमच्या नियमात बसेल का?"

आता हा नियम काय ते सांगायला हवं. तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर एकटेच राहत. एकटे म्हणजे, त्यांचा कुत्रा धरून एकटे. कुत्र्याचं नाव बाळ. बाळ चार पायांवर उभा राहिला तर जेवणाच्या टेबलाएवढा आणि दोन पायांवर उभा राहिला तर निरीक्षकांएवढा होई. दुसरी गोष्ट निरीक्षकांना ठाऊक होती, कारण गेल्या वर्षी खात्यातल्या एका समारंभाला निघताना, नवा कोट घालून, इमारतीतल्या सगळ्यांच्या देखत, बाळनं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर पंजे टाकून त्यांचा चष्मा चाटला होता. चावला असता तर निरीक्षकांनी माफ केलं असतं. पण चाटला, आणि लोक हसले.

निरीक्षक इमारतीच्या कमिटीचे चिटणीस होते. पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला की इमारतीत पाच किलोंपेक्षा जास्त वजनाचा पाळीव प्राणी ठेवता येणार नाही. कुत्रा असा शब्द घातला तर ते सूडासारखं दिसेल, म्हणून 'कोणताही प्राणी' असा घातला. वर, दर वर्षी सर्वांसमक्ष प्रमाणित काट्यावर वजन करावं, अशी पुरवणीही जोडली. प्रमाणित काटा अख्ख्या इमारतीत एकच होता. त्यावर बाळला चढवलं तेव्हा सुई जी धावत सुटली ती थेट अडतिसावर जाऊन थांबली.  बाळची रवानगी दूरच्या गावी, त्यांच्या बहिणीकडे झाली. तेव्हापासून पोस्टमास्तर रोज संध्याकाळी बहिणीला फोन लावत, तिला तो कुत्र्याच्या कानाशी धरायला लावत आणि विचारत, "बाळ, जेवलास का?" पलीकडून जे उत्तर येई ते दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाई.

तर बायकोचा प्रश्न रास्त होता. पण निरीक्षक नुसते हसले. हे हसू त्यांच्या खात्यात फार प्रसिद्ध होतं. दुकानदारानं साबणाचं कागदासकट वजन केलं की ते असे हसत.

"अगं, तू ढोबळ वजन बघतेस," ते म्हणाले. "मालाचं निव्वळ वजन बघायचं असतं, वेष्टन वगळून. हे काय दिसतंय तुला? केस. हे? केस. ही शेपूट म्हणजे काय? केस. हे सगळं वेष्टन आहे. आत मांजर नेहमीचंच. तीन, फार तर साडेतीन किलो."

"वा!" मेहुणे म्हणाले. बायकोनं मुलांना समुद्राखालचे डोंगर शिकवून शिकवून एक गोष्ट ओळखली होती की वर दिसतं त्यावरून आतल्याचा अंदाज करू नये. पण तो धडा तिनं इथे घेतला नाही. तिला बहुतेक तेव्हाच मजा यायला लागली होती.

पिल्लू विकणाऱ्या बाईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. दारातून आत गेलेला माणूस बाहेर येताना थोडा केसाळ होऊनच येई. निरीक्षकांनी खिशातला स्प्रिंगचा काटा काढला, पिल्लू रुमालात बांधलं आणि हवेत धरलं. सव्वा किलो. पिल्लानं रुमालातून डोकं बाहेर काढून त्यांच्याकडे असं पाहिलं की निरीक्षकांनी नकळत कॉलर नीट केली.

"किती वाढेल हे?" त्यांनी विचारलं.

"वाढेल हो थोडं."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे..." बाईंनी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. "प्रेमानं ठेवलंत तर भरपूर वाढेल."

एकक नसलेलं माप निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वीकारलं. त्याचं कारण एवढंच, की तोवर पिल्लू त्यांच्या बाहीत शिरून झोपलं होतं.

नाव लेकीनं ठेवलं, कापूस. पांढरा, मऊ, वजनाला काहीच नाही. घरात कागदोपत्री प्रवेश मात्र लगेच मिळाला नाही. नियमानुसार प्राणी ठेवायचा तर कमिटीच्या चिटणिसाकडे अर्ज करावा लागे. निरीक्षकांनी स्वतःच्या नावे अर्ज लिहिला आणि स्वतःच्याच टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी चिटणीस या नात्यानं तो वाचला, तेव्हा त्याला प्राण्याचा फोटो जोडलेला नव्हता. अर्ज परत गेला. "स्वतःचाच अर्ज परत पाठवलात?" बायकोनं विचारलं. "मग काय, ओळखीच्या माणसाला सवलत देऊ?" निरीक्षक म्हणाले. फोटो काढताना कापूस कॅमेऱ्यावर चढला, म्हणून पहिल्या फोटोत फक्त पोट आलं. तोही अर्ज परत गेला. तिसऱ्यांदा मंजूर झाला, तेव्हा निरीक्षकांनी स्वतःचे आभार मानणारं पत्र लिहायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि मग कापूस वाढायला लागला. सुरुवातीला तो निरीक्षकांच्या बुटात झोपे. मग बुटांच्या खोक्यात. मग ते खोकं फुटलं. पावसाळी छत्रीएवढी शेपूट घेऊन तो स्वयंपाकघरातून गेला की ओट्यावरचे चमचे खाली येत. त्याला जेवायला बोलवावं लागत नसे, तोच मागच्या दोन पायांवर उभा राहून टेबलावर कोण काय वाढतंय ते बघे. कमिटीच्या अध्यक्षीणबाई वरच्या मजल्यावर राहत आणि बायकांचे कपडे शिवत. त्यांनी एकदा जिन्यात कापसाला नजरेनंच मापला आणि म्हणाल्या, "चिटणीससाहेब, याला आता मोठ्यांचं माप लागेल."

"केस आहेत ते," निरीक्षक म्हणाले.

ते खरंच तसं मानत होते. संध्याकाळी ऑफिसातून आले की दारात कापूस बसलेला असे. पूर्वी त्यांची चाहूल लागली की घरातली माणसं आपापल्या कामाला लागत, कारण येताक्षणी निरीक्षक नळ नीट बंद आहे की नाही, दिवे उगाच चालू आहेत का, हे बघत फिरत. आता दारातच त्यांना अडवायला कुणीतरी होतं. ते खाली बसत, कापूस डोकं त्यांच्या गुडघ्यावर आपटे, आणि नळाचा विषय राहून जाई. माणूस इतका सुधारला होता की बायकोनं नवा दिवा आणून तो नवाच आहे असं सांगितलं, तरी ते "छान आहे" म्हणाले.

वार्षिक वजनाचा रविवार जवळ आला, तसा मेहुण्यांचा फेरा पडला. "भाऊजी, आधी एकदा आंघोळ घाला. केसांतली धूळच निम्मी असते," असं त्यांनी सांगितलं. न्हाणीघरात कापसाला टबात उभा केला. निरीक्षक त्याच दिवसाची वाट बघत होते. ओल्या मांजराचं अंग चिंधीसारखं दिसतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. वेष्टन उतरेल आणि आतून नेहमीचं मांजर निघेल, सगळ्यांची तोंडं बंद होतील.

पाणी ओतलं. केस चपटे झाले. वेष्टन उतरलं. आणि आतून जवळजवळ तेवढंच मोठं मांजर निघालं, खांदे रुंद, मान जाड, पायांचे खांब.  कापूस निरीक्षकांकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मोठ्या साहेबांचा तोच भाव होता.

"आत... मांजर आहे," निरीक्षक हळूच म्हणाले.

"तुम्हाला काय वाटलं होतं, आत काय असेल?" बायको म्हणाली आणि दार लावून बाहेर जाऊन हसली. निरीक्षकांच्या अंगावर सात ओरखडे उठले, ते त्यांनी मोजले, कारण आता मोजण्यासारखं दुसरं काही हाती राहिलं नव्हतं.

तरी मेहुणे हार मानणारे नव्हते. "केस तरी मोजू या," ते म्हणाले. आठवडाभर कापसाला विंचरून विंचरून केसांनी भरलेली पिशवी जमवली. उशीएवढी झाली होती. निरीक्षकांनी ती छोट्या काट्यावर ठेवली. सुई हललीच नाही. त्यांनी पिशवी काढून पुन्हा ठेवली. त्यांनी काटा बदलला. "एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?" मेहुण्यांनी विचारलं, आणि त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

मग कापसाचं खाणं कमी केलं. पण गंमत अशी, की खाणं कमी होत होतं आणि कापूस होत नव्हता. शिवाय दुपारी तो कुठेतरी नाहीसा होई. एके दिवशी निरीक्षक सुट्टी काढून त्याच्या मागोमाग जिना उतरले. कापूस रमतगमत तळमजल्यावर गेला आणि पोस्टमास्तरांच्या उघड्या दारातून आत शिरला. तिथे बाळची मोठी वेताची टोपली अजून तशीच होती. कापूस तिच्यात जाऊन बसला. समोर बाळचं जेवणाचं भांडं होतं, आणि ते मासळीनं भरलेलं होतं.

"हे काय चाललंय?" निरीक्षक दारातच ओरडले.

"जेवण," पोस्टमास्तर म्हणाले. ते खुर्चीत बसून काटे काढत होते.

"म्हणजे तुम्ही जाणूनबुजून..."

"हो. जाणूनबुजून. खोटं कशाला बोलू? म्हटलं, माझा बाळ घालवला ना यांनी, आता यांचाही जाऊ दे. स्वतःला भाजी आणायचो आणि याला मासळी." पोस्टमास्तरांनी एक काटा दिव्यासमोर धरून बघितला आणि बाजूला ठेवला. "पण हा रोज यायला लागला हो. बाळच्या टोपलीत बसायला लागला. आता कसला सूड आणि कसलं काय. याला यायला उशीर झाला तर मीच जिन्यात बघायला जातो."

निरीक्षकांना रागवायचं होतं, पण राग कुठेतरी घसरून पडला. रिकाम्या टोपलीकडे बघत हा माणूस वर्षभर बसला होता आणि ती टोपली आपण रिकामी केली होती, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते एवढंच म्हणाले, "मासळी जरा कमी करा. रविवारी वजन आहे."

"रविवारनंतर हाही जाणार. मग खाऊ दे की पोटभर," पोस्टमास्तर म्हणाले. दोघंही टोपलीकडे बघत राहिले. कापूस तेवढा खात होता.

शनिवारी मेहुण्यांनी शेवटचा सल्ला दिला. "शेपूट काट्याबाहेर लोंबू द्या, भाऊजी. आणि मी बाजूला उभा राहून हळूच बोट लावतो. कुणाच्या लक्षात येणार?"

"माझ्या काट्यावर?" निरीक्षकांचा आवाज असा झाला की मेहुण्यांनी आपलं बोट खिशात घातलं. लेक दारात उभी होती. ती काही मागत नव्हती, रडतही नव्हती. नुसतं विचारलं तिनं, "बाबा, तुमचा काटा कधीच चुकत नाही ना?"

"कधीच नाही," निरीक्षक म्हणाले, आणि हे सांगताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

रविवारी सकाळी खाली मोटारी ठेवायच्या जागेत काटा मांडला. इमारतीतली यच्चयावत माणसं जमली होती. निरीक्षकांचं मांजर निरीक्षकांच्या काट्यावर निरीक्षकांच्या नियमाखाली चढणार, ही बातमी बाजारात गेल्यामुळे किराणावालाही दुकान बायकोवर सोपवून आला होता आणि पहिल्या रांगेत उभा होता. अध्यक्षीणबाईंच्या गळ्यात शिवणकामाची फीत तशीच होती. निरीक्षकांनी सर्वांसमक्ष प्रमाणित वजन ठेवून काटा तपासला. ग्रॅमाचा फरक नव्हता. मग त्यांनी कापसाला उचललं. तो नेहमीसारखा त्यांच्या खांद्याला बिलगला, आणि त्याला खाली ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

कापूस काट्यावर बसला. शेपूट स्वतःच पायांभोवती गुंडाळून घेतली, म्हणजे मेहुण्यांची ती योजना तशीही बारगळलीच असती. सुई निघाली. पाच ओलांडलं. सहा ओलांडलं. सात ओलांडून थोडी पुढे गेली आणि थांबली.

कुणी हसलं नाही. किराणावालासुद्धा नाही. अध्यक्षीणबाईंनी तबकडीकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग आपल्या फितीकडे. "नियम आहे," त्या ओशाळल्यासारख्या म्हणाल्या. "तुम्हीच केलेला आहे, चिटणीससाहेब." लेकीनं आईचा हात धरला.

तेवढ्यात पोस्टमास्तर पुढे आले. त्यांनी चष्मा लावला, तबकडीवर वाकले, एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. काट्यावर एक टिचकी मारली.

"मला वाटतं," ते म्हणाले, "काट्यात खोट आहे."

"अशक्य!" निरीक्षक गरजले. विचार न करता, सवयीनं. "काट्यात खोट नसते! अहो, आत्ता तुमच्यासमोर तपासला! ग्रॅमाचा..."

"अहो," बायको म्हणाली.

एकच शब्द. पण ती भूगोलाची बाई होती आणि जग दाखवायला तिला एक बोट पुरे. तिनं बोट काट्यावरच्या कापसाकडे केलं. निरीक्षकांनी पाहिलं. कापूस त्यांच्याकडेच बघत होता. मोठ्या साहेबांचा भाव आज त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. रोज संध्याकाळी दारात असतो तो होता.

निरीक्षकांनी घसा खाकरला. त्यांची मान ताठ होती, पण कान लाल झाले होते. "तसं पाहिलं तर," ते म्हणाले, "काटा जुना आहे."

"म्हणजे?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे... असू शकते."

"काय असू शकते, साहेब?" किराणावाला पहिल्या रांगेतून म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "जरा मोठ्यानं सांगा. मागे ऐकू येत नाही."

दुसरी रांग नव्हतीच, मागे भिंत होती. निरीक्षकांनी डोळे मिटले. नोकरीतली सगळी वर्षं, वाकून पाहिलेले सगळे तराजू, सगळी सीलं, एकेक करून डोळ्यांसमोरून गेली असावीत. मग ते भिंतीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काट्यात खोट आहे!"

लेकीनं किंकाळी मारून कापसाला काट्यावरून उचललं, म्हणजे अर्धा उचलला, बाकीचा जमिनीवरच राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणे "मी म्हणत होतोच" म्हणाले, जे त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. किराणावाला आनंदानं डोळे पुसत होता.  निरीक्षक घाम पुसून निघणार, तोच पोस्टमास्तरांनी हात वर केला.

"एक शंका आहे," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "गेल्या वर्षी बाळचं वजन याच काट्यावर झालं होतं ना?"

टाळ्या थांबल्या. निरीक्षक जागच्या जागी उभे राहिले. आपण कुठे येऊन पोचलो हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि मागे फिरायला वाट नव्हती, ती त्यांनी स्वतःच भिंतीला ऐकवून बंद केली होती.

"झालं होतं," ते म्हणाले.

"खोट असलेल्या काट्यावर."

"हो."

"म्हणजे ते वजन धरता येणार नाही."

"नाही."

"तर मग चिटणीससाहेब," अध्यक्षीणबाई तोंडावर फीत धरून म्हणाल्या, "बाळचं खरं वजन काय धरायचं?"

बाळ म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढा कुत्रा. इमारतीतल्या प्रत्येकाला तो आठवत होता. निरीक्षकांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

"बाळचं वजन," निरीक्षक शब्द तोलून तोलून म्हणाले, "पाच किलोंच्या आत असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

पोस्टमास्तर फोन करायला धावले. गुडघे दुखतात म्हणून जे वर्षभर काठी घेऊन चालत होते, ते काठी तिथेच टाकून धावले.

बाळ आला तो बहिणीच्या मोटारीच्या खिडकीतून निम्मा बाहेर लोंबत. उतरल्या उतरल्या त्यानं पोस्टमास्तरांना जमिनीवर पाडलं, उठवलं आणि पुन्हा पाडलं. मग त्याला निरीक्षक दिसले. सगळी इमारत गॅलरीत उभी असताना त्यानं दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यांवर टाकले आणि चष्मा चाटून लख्ख केला. लोक पोट धरधरून हसले. निरीक्षक हलले नाहीत. बाळ उतरला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर एकदा थोपटलं, आणि मग रुमाल काढला. आत टोपलीपाशी बाळ गेला तर टोपलीत कापूस होता. त्यानं बाळच्या नाकावर एक सणसणीत थप्पड दिली. बाळ विचारात पडला, खाली बसला आणि टोपलीच्या काठावर हनुवटी टेकवून झोपी गेला. पोस्टमास्तरांनी दुसऱ्या दिवशी आणखी एक टोपली आणली. त्यात कुणीच बसलं नाही.

बाजारात मात्र निरीक्षकांचे हाल झाले. ते दुकानाजवळ आले की किराणावाला खाली बसून आपल्या काट्याखाली वाकून बघे आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं विचारी, "साहेब, घरचा काटा दुरुस्त झाला का?" निरीक्षक मान खाली घालून त्याचा काटा तपासत, आणि तो आता दर वेळी अगदी बरोबर निघे, हीच काय ती त्यातली जमेची बाजू.

घरच्या काट्यावर निरीक्षकांनी स्वतःच्या हातानं लाल कागदाचं सील चिकटवलं. त्यावर 'सदोष' असं लिहिलं. पण रविवारची सवय काही सुटली नाही. चहाच्या आधी, कुणी बघत नाहीसं पाहून, ते त्यावर प्रमाणित वजनं ठेवत. सुई हवी तिथे जाऊन थांबे. ग्रॅमाचा फरक नसे. ते कुणाला काही सांगत नसत.

एका रविवारी त्यांनी वजनं उतरवली आणि मागे वळले, तेवढ्यात कापूस येऊन काट्यावर बसला. शेपूट पायांभोवती गुंडाळली. सुई निघाली. लेक दात घासत बाहेर आली होती, ती तिथेच उभी राहिली.

"बाबा," तिनं तोंडातल्या फेसासकट विचारलं, "किती?"

निरीक्षकांनी खाली वाकून कापसाचा कान खाजवला. तबकडीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"पाचाच्या आत," ते म्हणाले.